ओटीतली खारीक आणि उरणची सीमा

ऐरोलीहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘मी राज्यशास्त्र शिकते. पुस्तकात सीमा म्हटली की कुंपण, चौकी आणि जवान येतात. आम्ही तर कुठल्याच सीमेजवळ राहत नाही. मग ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात देशांच्या सीमा खरंच येतात का? आणि ज्या देशांचं आपसात पटत नाही ते सीमेवर सहकार्य करतात, म्हणजे नेमकं काय करतात?’

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी माझ्या कामातून देतो, कारण मला तीच खात्रीने देता येतील. मी कस्टम्स ब्रोकर आहे. आमच्या लाइनीत अजून जुन्या नावाने सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, म्हणतात. बाहेरून आलेला माल सोडवायचा, इथला माल रवाना करायचा आणि दोन्हीचे कागद करायचे, हे काम मी १९९४ पासून करतो आहे. सुरुवातीला पिशवीत कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळणारा पोरगा होतो. पुढे परीक्षा देऊन लायसन घेतलं.

पहिली गोष्ट, तुम्ही सीमेजवळच राहता. ऐरोलीहून गाडी काढली की पाम बीच रोड, उलवे, जासई करत साधारण तासाभरात तुम्ही भारताच्या एका मोठ्या सीमेपाशी पोचता. तिथे कुंपण आहे, गेट आहे, सीआयएसएफचे जवान आहेत. आपण तिला न्हावा-शेवा म्हणतो, जेएनपीटी म्हणतो. सीमा म्हणायची आपल्याला सवय नाही.

जहाजावरून यार्डात उतरलेला कंटेनर उरण तालुक्याच्या मातीवर उभा असतो, पण १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या नजरेत त्यातला माल अजून ‘आयात माल’ असतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, भरायचं, ड्यूटी भरायची, तपासणी लागली असेल तर ती व्हायची, आणि सिस्टिममध्ये ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडल्याचा आदेश, पडायचा. त्या क्षणी माल देशात आला. तोवर मालकालाही तो उचलता येत नाही. आणि या मधल्या काळात मीटर चालू असतं. शिपिंग लाइनचे मोफत दिवस संपले की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार, लागतो, सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, जागेचं भाडं चढतं, आणि तीस दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो लिलावात काढायची कायद्यात तरतूद आहे. नकाशावरच्या रेघेला जाडी नसते. मी ज्या सीमेवर काम करतो तिला जाडी आहे, आणि ती दिवसांत मोजतात. कधी एक दिवस, कधी चाळीस.

ही सीमा माझ्या डोळ्यांदेखत आली. मी न्हावा-शेव्याच्या पट्ट्यातला आगरी, वडील मिठागरात कामाला. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं आणि दोन दिवसांच्या गोळीबारात आपली पाच माणसं हुतात्मा झाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. घराघरांत चुली पेटल्या नव्हत्या, ते मला आठवतं. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना त्या रक्तातून आली. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं, आणि जिथे आमचे लोक खाडीत जाळी टाकायचे तिथे पास लागायला लागला. म्हणून सीमेबद्दल कुणी हवेत बोललं की मला राहवत नाही. सीमा बसवायलाही कुणाची तरी जमीन लागते.

आता घरात या. आपल्याकडे ओटी भरताना हळकुंड, सुपारी, बदाम यांच्याबरोबर खारीक हवीच. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारकेची पूड पडते. ही खारीक वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात सिंधमधून यायची, खैरपूरच्या बाजूने. उपवासाचं सैंधव मीठ यायचं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून. त्याच्या नावातच सिंधू आहे. फोडणीतल्या हिंगाचं तर आणखी विशेष. कच्चा हिंग आपल्याकडे येतो अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून. भारतात हिंगाचं रोप लावायचा पहिला प्रयत्न ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात झाला. म्हणजे ज्या घरातून कुणी कधी पासपोर्ट काढलेला नाही, तिथल्या वरणालाही तीन-चार देशांच्या सीमा लागून येतात.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला. दोनच दिवसांनी, १६ तारखेच्या रात्री, केंद्राने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के ड्यूटी लावली. वाशीच्या मसाला मार्केटमधले माझे एक जुने व्यापारी आहेत. त्यांनी रात्री अकराला फोन केला आणि एकच विचारलं: ‘माझा माल सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे?’ पंजाबातल्या अटारीच्या सीमानाक्यावर ट्रक उभे होते, कागद भरलेले होते, आणि देशभर अनेक जण त्या रात्री हेच विचारत होते. ज्यांनी त्या दिवशी आधीच बिल ऑफ एंट्री भरलं होतं त्यांच्याकडेही वाढीव ड्यूटी मागितली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २३ सप्टेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की अधिसूचना ई-राजपत्रात चढली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी, त्यामुळे नवा दर त्या सेकंदापासून लागू. त्याआधी रीतसर कागद भरलेल्यांना जुनाच दर.

हा निकाल मी माझ्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचायला देतो. त्या रात्री सीमा जागेवरून हलली नव्हती. ट्रकही हलले नव्हते. कागद कितीला भरला, यावर माल कुठल्या बाजूचा ते ठरलं.

पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर, २ मे २०२५ ला, पाकिस्तानातून थेट किंवा दुसऱ्या देशामार्गे येणारा सगळाच माल बंद केला गेला. आणि जूनमध्ये डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, न्हावा-शेव्यात ३९ कंटेनर धरले. १,११५ टन माल, किंमत सुमारे नऊ कोटी. माल पाकिस्तानी, पण दुबईमार्गे आणून कागदावर दुसराच मूळ देश दाखवलेला. त्यात खारीकही होती. बंदी देशाच्या सुरक्षेसाठी घातली आहे आणि ती पाळली गेलीच पाहिजे, यात माझं दुमत नाही. पण असं प्रकरण झालं की पुढे काय होतं ते बातमीत येत नाही. ज्याने खरोखर इराकची किंवा अमिरातीची खारीक मागवली आहे, त्याचाही कंटेनर मग उघडला जातो, नमुने जातात, क्वेरी येते, दिवस जातात, भाडं चढतं. ते भाडं शेवटी लाडवात उतरतं. खोटा कागद करणारा सरकारला फसवतोच, पण शेजारच्या गाळ्यातल्या सरळ माणसालाही खड्ड्यात घालतो. याची मला मनापासून चीड आहे.

आता दुसरा प्रश्न, सहकार्याचा. तो समजायला मसाला मार्केटहून फार लांब जायची गरज नाही. आंब्याच्या हंगामात वाशीत अमेरिकेची सीमा उभी राहते. राज्य कृषी पणन मंडळाचं विकिरण केंद्र तिथे आहे. अमेरिकेला जाणाऱ्या हापूस-केशरला किरणांची किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढी मात्रा द्यावी लागते, म्हणजे आतली कीड पुढे वाढू शकत नाही. हे काम अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली इथेच होतं. त्याच्या सहीचा कागद सोबत असल्याशिवाय तिकडच्या विमानतळावर पेटी सुटत नाही. अठरा वर्षं बंद असलेला हा दरवाजा २००७ मध्ये उघडला, तो याच पद्धतीमुळे. त्यांनी त्यांचा तपासनीस आपल्या अंगणात पाठवायचा, आणि आपण तो येऊ द्यायचा. सहकार्य म्हणजे हे.

यात मोठेपणा आहे तसा नाजूकपणाही. कोविडमध्ये २०२० आणि २०२१ चे दोन हंगाम अमेरिकेचा आंबा अडला, कारण निरीक्षकालाच प्रवास करता येईना. रत्नागिरी-देवगडला झाडं लगडलेली, विकिरणाची यंत्रं जागेवर, आणि एक माणूस येऊ शकत नाही म्हणून दार बंद. २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही देशांनी नवी व्यवस्था ठरवली. आपला आंबा आणि डाळिंब तिकडे, त्यांची चेरी आणि जनावरांचा अल्फाल्फा चारा इकडे. अशी देवाणघेवाण करूनच हे दरवाजे उघडतात. कुणी फुकट उघडत नाही.

मग मे २०२५. नवी मुंबईत विकिरण होऊन विमानाने गेलेल्या सुमारे पंधरा खेपा अमेरिकेने नाकारल्या. फळात दोष सापडला नव्हता, सोबतच्या कागदात चूक होती. परत आणायचा खर्च मालाहून जास्त, म्हणून निर्यातदारांनी ते आंबे तिथेच नष्ट करायला दिले. मी आंब्याचं काम फार करत नाही, पण त्या आठवड्यात मार्केटमध्ये उभा होतो. पेट्या भरणारे हमाल, गवताचे थर लावणाऱ्या बाया, सगळ्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. चूक कुणाची यावर वाद झाला आणि होत राहील. पण एका फॉर्मात काहीतरी चुकलं, की बागेत वर्षभर घेतलेली मेहनत समुद्रापार कचऱ्यात जाते. युरोपने १ मे २०१४ ला हापूस बंद केला होता, आधीच्या खेपांत फळमाशी सापडली म्हणून. ते दार २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. आज त्यांच्यासाठी आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. जपानला आणखी वेगळी, वाफेची प्रक्रिया लागते. एकच आंबा, आणि प्रत्येक सीमेचं त्याच्याकडे बघायचं तापमान वेगळं.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. जगातल्या बहुतेक सगळ्या व्यापाराला सहा आकड्यांची एकच भाषा आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात, १ जानेवारी १९८८ पासून लागू. दोनशेहून जास्त देश-प्रदेश ती वापरतात. पहिले चार आकडे ०८०४ असले की खजूर, अंजीर, अननस, पेरू, आंबा या घरातलं फळ. ०८०४१० म्हणजे खजूर-खारीक, ०८०४५० मध्ये आंबा आणि पेरू. भारतात पुढे आणखी दोन आकडे लावून आठ करतात, पण पहिले सहा कराचीतही तेच, न्यूयॉर्कमध्येही तेच. ज्या देशांचे राजदूत एकमेकांकडे नाहीत, त्यांचे कस्टम्स अधिकारी हेच सहा आकडे लिहितात. यावर कुणी भाषण करत नाही. पण मला विचाराल तर माणसांनी मिळून केलेल्या फार मोठ्या कामांपैकी हे एक आहे.

भाषा एक झाली तरी विश्वास वेगळा लागतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. रबाळ्याच्या एका कारखान्यासाठी कोरियाहून मशीनचा सुटा भाग आला. आपला कोरियाशी करार आहे, २०१० पासून, त्यामुळे मूळ देशाचा दाखला असला की ड्यूटीत सवलत. दाखला होता. पण त्यावर सही करणारा तिकडचा अधिकारी नवा होता, आणि त्याच्या सहीचा नमुना इकडे पोचलेला नव्हता. अशा करारांत दोन्ही देश एकमेकांना आपापल्या अधिकाऱ्यांच्या सह्या आणि शिक्के आधी पाठवून ठेवतात. ते जुळले नाहीत तर दाखला म्हणजे नुसता कागद. शेवटी बाँड आणि बँक गॅरंटी देऊन माल तात्पुरत्या आकारणीवर सोडवला. तोवर नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत एक लाइन बंद होती आणि कंत्राटी कामगारांना घरी बसवलं होतं. त्यातला एक दिव्याहून येणारा मुलगा मला गेटवर भेटला. ‘साहेब, माझा पार्ट सुटला का?’ म्हणाला. माझा पार्ट! हजारो मैलांवरच्या एका सहीवर त्याचा पगार अडला होता, आणि त्याला ते बरोबर कळलं होतं.

म्हणून सहकार्य म्हणजे काय, याचं माझं उत्तर हे: समोरच्या देशाच्या कारकुनाची सही आपल्या कारकुनाने खरी मानणं. शिखर परिषदांत जे होतं ते शेवटी इथे येऊन टिकतं किंवा पडतं.

हे बिघडलं की रस्ते कसे वाकडे होतात, ते न्हावा-शेव्यात बसून दिसतं. बांगलादेशातले तयार कपडे पूर्वी पेट्रापोलच्या जमिनीवरच्या नाक्यातून ट्रकने यायचे, जे कोलकात्यापासून काही तासांवर आहे. १७ मे २०२५ पासून ते जमिनीवरून बंद झाले. आता ते फक्त कोलकाता आणि न्हावा-शेवा या दोन बंदरांतून येऊ शकतात. म्हणजे शेजारच्या घरातला शर्ट अख्ख्या दक्षिण टोकाला वळसा घालून उरणला उतरतो. उलट बाजूही आहे. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराची कंबर मोडली. आणि दार दरवेळी दुसराच बंद करतो असंही नाही. ८ डिसेंबर २०२३ ला आपण कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आपलेच कंटेनर आपल्याच बंदरात अडकले. लासलगावच्या शेतकऱ्याने ती सीमा दिल्लीची म्हणून ओळखली, आणि त्याचं चुकलं नव्हतं. इथल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा हे मला समजतं. पण एका रात्रीत दार लावलं की परदेशातला खरेदीदार दुसरीकडे वळतो, आणि तो परत आणायला वर्षं जातात. हे मी पाहिलं आहे, एकदा नाही.

याच्या अगदी उलट नेपाळ. १९५० च्या तहामुळे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांकडे राहता येतं, कामधंदा करता येतो. तुमच्या सोसायटीच्या गेटवर नेपाळहून आलेला वॉचमन असेल तर तो व्हिसाचा शिक्का न घेता आला आहे. त्याला विचारा, रक्सौल किंवा सोनौली ओलांडताना काय वाटलं. बहुतेक जण सांगतात, रिक्षातून पलीकडे आलो.

आणि ज्यांचं पटत नाही त्यांचं काय? याचं उत्तर बंदरात मिळत नाही, आमच्या कोळीवाड्यांत मिळतं. डहाणू-तलासरीची पोरं खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत तो सगळा ठाणे जिल्हाच होता. कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक या खाडीचा ९६ किलोमीटरचा पट्टा भारत-पाकिस्तानात वादात आहे, त्यापुढची समुद्रातली सीमा ठरलेली नाही, आणि पाण्यावर रेघ दिसत नाही. मासळीच्या मागे बोट गेली की पाकिस्तानच्या हद्दीत धरली जाते, आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात. घरी कमावणारा तोच एक. पत्राला महिने लागतात. शिक्षा संपली तरी तो भारतीयच आहे याची खातरजमा होईपर्यंत सुटका नाही.

तरीही एक धागा तुटलेला नाही. २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. मे २०२५ मध्ये लढाई झाली, व्यापार बंद, अटारी बंद, आकाशही बंद. आणि १ जुलै २०२५ ला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. यादीत नाव आलं म्हणजे माणूस सुटला असं नाही. पण तो जिवंत आहे आणि कुणाच्या तरी हिशेबात आहे, एवढं त्याच्या घरच्यांना कळतं. तुम्ही पुढे प्रबंध लिहिलात आणि त्यात सहकार्याचं प्रकरण असेल तर ते या यादीपासून सुरू करा असं मी सुचवेन. मोठ्या करारांकडे मग वळा.

पुढचं काम कसं करायचं तेही सांगतो. आधी स्वयंपाकघरातला हिंगाचा, खारकेचा आणि सुक्या मेव्याचा पुडा उलटा करून वाचा. बाहेरून पॅक होऊन आलेल्या मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापावा लागतो. तुर्भे, वाशी, कोपरखैरणे असे पत्ते बरेच सापडतील. त्यातल्या एखाद्या गाळ्यावर सकाळी साडेदहाच्या आधी जा, कारण नंतर कुणाला बोलायला वेळ नसतो. शेवटचा कंटेनर किती दिवसांत सुटला आणि का अडला, एवढंच विचारा. मग जासईला जा, हुतात्म्यांचं स्मारक बघा, आणि तिथून करळ फाट्याकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेतल्या एखाद्या ड्रायव्हरला चहा पाजा. रांग किती तासांची आहे ते तो घड्याळ न बघता सांगेल. मला भेटायचं असेल तर शनिवारी दुपारनंतर या, त्या वेळी फाइली जरा कमी असतात.